पांढरट पडलेले काळे प्लास्टिक पुन्हा काळे कसे करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या दोन्ही बंपरांचा खालचा भाग, चाकांच्या कमानींवरचे क्लॅडिंग, आरशांची बैठक आणि पुढच्या काचेखालची वायपरची जाळी हे सगळे काळे प्लास्टिक राखी पडले आहे. टायर चमकवण्याचे द्रव्य त्यावर लावून पाहिले, ते पहिल्या पावसात ओघळून गेले. आता हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे यंत्र, फिरवावी, सिरॅमिक कोटिंग करावे की सरळ काळा रंग मारावा, असे विचारले आहे. शिवाय मागच्या बंपरचा एक कोपरा भिंतीला घासून पांढरा झाला आहे, त्याचे काय करावे, हाही प्रश्न आहे.

गाड्यांच्या बाह्यभागाची निगा राखण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि या तिन्ही उपायांनी उत्तम झालेली कामेही पाहिली आहेत, वाया गेलेलीही. उपाय तिन्ही खरे आहेत. मात्र आपल्या प्लास्टिकला त्यांपैकी कोणता लागू पडेल हे ते आज कोणत्या अवस्थेत आहे यावर ठरते, आणि ती अवस्था नीट धुतल्यावाचून आणि धुतल्यावर ओले करून पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून उत्तराचा मोठा भाग धुण्यावर आणि पारखण्यावर खर्च करीत आहे. बाटलीतले द्रव्य लावणे हे त्यामानाने सोपे काम आहे.

आधी हे प्लास्टिक कशाचे असते ते पाहू. न रंगवलेले दाणेदार काळे भाग बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. धक्का सोसावा म्हणून त्यात ईपीडीएम जातीचे रबर मिसळतात आणि ताठरपणासाठी टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची बारीक पूड. भाग सुटा करून मागच्या बाजूला पाहिल्यास दोन कोनी चिन्हांच्या मध्ये ‘पीपी + ईपीडीएम - टीडी २०’ अशा अर्थाची रोमन अक्षरे उमटवलेली सापडतात. प्लास्टिकच्या वस्तूंवर खूण करण्याच्या आयएसओ ११४६९ या मानकानुसार ती असतात, आणि त्यातील २० हा आकडा टाल्कचे शेकडा प्रमाण सांगतो. आरशांची कवचे आणि काही जाळ्या मात्र एबीएस किंवा एएसए या वेगळ्या प्लास्टिकच्या असू शकतात. हा भेद नुसता माहितीसाठी नाही, कारण जे द्रावक पॉलिप्रॉपिलीनला फारसे काही करीत नाही तेच एबीएसला विरघळवते. आरशासारखे चकचकीत काळे खांब किंवा पट्ट्या असतील तर त्यांचा या उत्तराशी संबंध नाही. त्यांची निगा रंगवलेल्या पत्र्यासारखी राखायची असते.

या भागांचा काळेपणा वरून लावलेला नसतो. साच्यात ओतण्यापूर्वीच प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे अत्यंत बारीक काजळी, मिसळलेली असते आणि ती आरपार असते. ती रंगही देते आणि अतिनील किरण शोषून प्लास्टिकचे रक्षणही करते. तिच्या जोडीला प्रकाशापासून आणि उष्णतेपासून जपणारी इतर रसायने घातलेली असतात, ती वर्षानुवर्षांच्या उन्हात हळूहळू खर्च होत जातात. पॉलिप्रॉपिलीन हे मुळात उन्हाला नाजूक आहे. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातील साधारण २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि पुढे आतली टाल्कची पूड उघडी पडते. इटलीच्या जुलिओ नात्ता यांनी १९५४ साली ज्या नियमित रचनेच्या पॉलिप्रॉपिलीनचा मार्ग दाखवला आणि ज्या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९६३ चे नोबेल कार्ल झीग्लर यांच्यासह मिळाले, त्या हलक्या आणि स्वस्त पदार्थाची ही जन्मजात खोड आहे. प्रत्येक उत्पादक ती रसायने मिसळून पुढे ढकलतो, मोडून काढीत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपल्या बंपरचा काळा रंग ‘उडालेला’ नाही. तो वरच्या अगदी पातळ, खडबडीत झालेल्या थराखाली शाबूत आहे. शाळेतली पाटी आठवून पाहावी: कोरडी असताना ती राखी दिसते, ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर होते आणि वाळली की पुन्हा राखी. पाण्याने पाटीला रंग दिलेला नसतो. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि ते विखुरणे आपल्याला पांढरेपणा म्हणून दिसते. पाणी त्या बारीक खळग्यांत भरले की विखुरणे कमी होते. पॉलिप्रॉपिलीनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, सुमारे १.४९ आहे, पाण्याचा १.३३ आणि सिलिकॉन तेलाचा सुमारे १.४०. भरणारे द्रव्य प्लास्टिकच्या अपवर्तनांकाच्या जितके जवळ, तितका काळेपणा गडद. बाजारात मिळणारे जवळजवळ प्रत्येक ‘काळे करणारे’ द्रव्य, मग बाटलीवर काहीही लिहिलेले असो, हेच खळगे भरण्याचे काम करते. फरक असतो तो भरलेले द्रव्य तिथे किती दिवस टिकून राहते याचा. टायरचे द्रव्य पावसात ओघळले ते याचमुळे: ते न वाळणारे तेल होते, आणि ज्या पृष्ठभागावर लावले त्यावर आधीची धूळ आणि मेण बसलेलेच होते.

आता धुण्याकडे येतो. गाडी सावलीत असावी आणि प्लास्टिक हाताला गार लागावे. आधी संपूर्ण गाडी नेहमीच्या शांपूने धुऊन माती काढून टाकावी, नाहीतर पुढच्या ब्रशखाली तीच माती शेजारच्या रंगावर ओरखडे काढते. मग सर्वसाधारण क्लीनर, ज्याला या कामातले लोक एपीसी म्हणतात, तो दहा पट पाण्यात मिसळावा आणि मळ चिवट असेल तर पाच पट पाण्यात. छोट्या भागावर फवारून मऊ केसांच्या ब्रशने दाण्याच्या सर्व दिशांनी घासावे. एकाच दिशेने घासल्यास दाण्याच्या एका बाजूचा मळ तसाच राहतो आणि तो पुढे कोटिंगखाली कायमचा अडकतो. पहिल्या खेपेला फेस तपकिरी येतो, तो वाळण्यापूर्वीच भरपूर पाण्याने काढावा. असे क्लीनर बहुधा अल्कधर्मी असतात, त्यामुळे शेजारी अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत पट्ट्या असतील तर त्यांवर ते साचू देऊ नये. फेस पांढरा येईपर्यंत हे पुन्हा करावे. माझ्या अनुभवात कधीच न निगा राखलेल्या गाडीला तीन खेपा सहज लागतात, आणि दुसऱ्या खेपेनंतर ‘आता झाले’ असे वाटते तेव्हा ते झालेले नसते.

रंगवलेल्या भागाला मेण किंवा पॉलिश लावताना दाणेदार प्लास्टिकवर उडालेले पांढरे डाग ही वेगळी तक्रार आहे आणि अनेकजण तिलाच उन्हाचा परिणाम समजतात. रंगाच्या कडेला लागून, बोटाच्या किंवा स्पंजच्या आकाराचे डाग असतील तर ते बहुधा वाळलेले पॉलिशच असते. शाळकरी पांढऱ्या खोडरबराने ते दाण्यातून निघून येते. हे ऐकून ग्राहक हसतात, पण करून पाहिल्यावर हसत नाहीत. मेलामाइनचा पांढरा स्पंजही चालतो; मात्र तो स्वतः बारीक घासकागदासारखा असतो, म्हणून डागापुरता आणि हलक्या हाताने वापरावा.

धुणे झाल्यावर समप्रमाणात पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ पांढऱ्या मायक्रोफायबर फडक्याने, सगळे प्लास्टिक पुसून घ्यावे. फडक्यावर काळे किंवा तेलकट उमटत असेल तर आधीचे द्रव्य अजून शिल्लक आहे. पेट्रोल, थिनर आणि अ‍ॅसिटोन यांना हात लावू नये. एबीएसचे भाग त्यांनी बिघडतात, शेजारचा रंग मऊ पडतो, आणि पेट्रोल आगीचा धोका निर्माण करून वर स्वतःचा तेलकट अंशही मागे ठेवते. ‘पाण्याचे थेंब बनले म्हणजे तेल शिल्लक आहे’ अशी एक कसोटी सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे, कारण नवे, स्वच्छ पॉलिप्रॉपिलीनही पाण्याला फारसे चिकटू देत नाही. खरी खूण असमानतेची आहे: एकाच पट्टीवर काही जागी थेंब आणि काही जागी पसरलेले पाणी दिसले, तर थेंबांच्या जागी जुने द्रव्य आहे असे समजून ती जागा पुन्हा घासावी.

मग प्लास्टिक पूर्ण वाळू द्यावे आणि त्यानंतर पारख करावी. प्रथम कोरड्या, गडद रंगाच्या कापडाने एक जागा घासून पाहावी. कापडावर पांढरी भुकटी आली तर वरचा थर सुटू लागला आहे. नंतर त्याच जागेवर स्वच्छ पाणी फवारून दोन पावले मागे सरकून दिवसाच्या उजेडात पाहावे. ओले असताना तो भाग सगळीकडे सारखा आणि समाधानकारक काळा दिसत असेल तर वाळणारे पारदर्शक कोटिंग आपल्याला साधारण तेवढाच काळेपणा देईल. त्याहून जास्त काही करण्याची गरज नाही. ओले असतानाही ढगाळ पट्टे राहत असतील तर एकतर धुणे अपुरे आहे किंवा त्या जागी वरचा थर जास्त बिघडला आहे. पुन्हा एकदा धुऊनही पट्टे तसेच राहिले, किंवा ओले प्लास्टिकही राखीच दिसले, तर पारदर्शक द्रव्याने काम होणार नाही आणि त्यात काळे रंगद्रव्य असलेला पर्याय घ्यावा लागेल. भिंगातून पाहिल्यावर जाळीसारख्या भेगा दिसत असतील आणि नखाने दाबल्यावर कडा तुटत असेल, तर तो भाग बदलणे हेच शहाणपणाचे. वायपरखालची जाळी बऱ्याचदा याच गटात मोडते, कारण ती जवळजवळ आडवी असल्याने दिवसभराचे ऊन तिच्यावर पडते आणि बॉनेटखालची उष्णताही तिलाच लागते.

एकाच गाडीवर तीन जागी तीन वेगळे निकाल येऊ शकतात, यात नवल नाही. गाडी रोज त्याच दिशेला तोंड करून उभी राहत असेल तर एक बाजू दुसरीपेक्षा वर्षभराने जुनी वाटते. आपल्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे की क्लॅडिंग आणि बंपर पहिल्या गटात (पारदर्शक कोटिंग पुरेल) येतील, आरशांची बैठक दुसऱ्यात (काळे रंगद्रव्य लागेल) आणि जाळी तिसऱ्यात (भाग बदलावा लागेल); पण हा अंदाज पाण्याच्या फवाऱ्याने तपासल्याखेरीज त्यावर खर्च करू नये.

आता हीट गनबद्दल. दृश्य मोहक असते: गरम हवा फिरते आणि तिच्यामागे राखी प्लास्टिक काळे होत जाते. ‘प्लास्टिकमधले तेल वर येते’ असे त्याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. प्रत्यक्षात दिसणाऱ्या बदलाचे मुख्य कारण वेगळे आहे. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि त्या तापमानाजवळ गेलेला पृष्ठभाग थोडा वाहून आपल्या सूक्ष्म भेगा मिटवतो. भेगा मिटल्या की प्रकाशाचे विखुरणे थांबते. पण बिघडलेल्या आखूड साखळ्या तिथेच राहतात, उरलेली संरक्षक रसायने उष्णतेत आणखी खर्च होतात आणि काही महिन्यांत तोच पृष्ठभाग पुन्हा राखी पडतो. दुसऱ्यांदा गरम केल्यावर परिणाम आणखी कमी दिवस टिकतो.

त्याहून मोठा दोष दाण्याचा आहे. पृष्ठभाग वाहण्याइतका गरम झाला की कारखान्यात साच्याने उमटवलेला दाणाही मऊ पडतो. मी या कामात नवा होतो तेव्हा एका ग्राहकाच्या बंपरच्या कोपऱ्यावर हवा जरा जास्त वेळ धरली. काळेपणा सुंदर आला, पण तळहाताएवढी जागा गुळगुळीत आणि चकचकीत झाली. ती कोणत्याही द्रव्याने पूर्ववत झाली नाही आणि तो भाग मला स्वखर्चाने बदलून द्यावा लागला. पातळ पट्ट्या वाकडा आकार घेतात, एबीएसचे भाग तर १०० अंशांच्या थोडे वरच मऊ पडू लागतात, शेजारचा रंग फुगतो, आणि काचेखालच्या जाळीवर एकाच जागी हवा धरल्यास थंड काचेला तडा जाण्याची भीती असते. म्हणून संपूर्ण गाडीसाठी हा उपाय मी करीत नाही आणि सुचवतही नाही. काहीजण उघड्या ज्योतीचा टॉर्च वापरतात. कारखान्यात रंग देण्यापूर्वी पॉलिप्रॉपिलीनवरून क्षणभर ज्योत फिरवतात हे खरे आहे, पण ते पृष्ठभागाला रंग चिकटावा म्हणून यंत्राने मोजून केलेले काम असते. घराच्या अंगणात उभ्या असलेल्या, पेट्रोलची टाकी भरलेल्या गाडीवर त्याची नक्कल करू नये.

पहिल्या गटातील भागांसाठी, म्हणजे ओले केल्यावर चांगले काळे दिसणाऱ्या प्लास्टिकसाठी, प्लास्टिककरिता बनवलेले वाळून घट्ट होणारे कोटिंग हा माझा पहिला पर्याय आहे. सिरॅमिक या नावाने विकली जाणारी ही द्रव्ये बहुधा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या जाळीदार रचनेची असतात. ती हवेतील ओलाव्याने घट्ट होतात आणि खळग्यांत भरलेल्या अवस्थेतच टिकतात. नीट धुतलेल्या पृष्ठभागावर ती वर्षभर, कधी दोन वर्षेही काम देतात. अर्धवट धुतलेल्यावर मात्र दोन महिन्यांत ठिपके पडतात. काचेसाठी किंवा रंगासाठी असलेले कोटिंग प्लास्टिकवर चालेलच असे नाही, म्हणून बाटलीवर दाणेदार प्लास्टिकचा स्पष्ट उल्लेख पाहून घ्यावा.

लावताना कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावावी आणि हातात नायट्राइलचे मोजे घालावेत. अ‍ॅप्लिकेटरवर थोडेच थेंब घेऊन हातभर लांबीचा भाग आधी आडवा, मग उभा असा भरावा. बाटलीवर सांगितलेल्या वेळाने, सामान्यतः मिनिट-दोन मिनिटांत, मायक्रोफायबरने जास्तीचे द्रव्य हलके पुसून सारखे करावे. पुसले नाही तर दाण्याच्या खाचांत ते साचून चकचकीत ओघळ दिसतात, आणि घट्ट झाल्यावर ते घासल्याशिवाय निघत नाहीत. एक हात पुरेसा काळा वाटला नाही तर तासाभराने दुसरा द्यावा. बाजूच्या रंगावर थेंब उडाल्यास तत्क्षणी पुसावा. आरशाच्या खाली आणि क्लॅडिंगच्या जोडात लपलेले पाणी नेमके या वेळी ओघळते आणि ताज्या कोटिंगवर रेघ काढते. म्हणून मी आधी ब्लोअरने प्रत्येक फट रिकामी करतो आणि मगच बाटली उघडतो. त्यानंतर १२ ते २४ तास गाडी पाण्यापासून आणि दवापासून दूर ठेवावी, आणि आठवडाभर शांपू लावू नये. वापरलेली फडकी कडक होतात. ती धुऊन पुन्हा रंगावर वापरल्यास ओरखडे पडतात, तेव्हा ती टाकूनच द्यावीत. एक इशारा असा की बंपरमधील पार्किंग सेन्सरच्या गोल चकत्या आणि कॅमेऱ्याचे भिंग आधीच झाकून घ्यावे.

दुसऱ्या गटातल्या भागांसाठी रंगद्रव्य असलेले ट्रिम रिस्टोरर, म्हणजे बाहेरचे न रंगवलेले प्लास्टिक पुन्हा काळे करणारे द्रव्य, मिळतात. ते खळगे भरतानाच हरवलेला काळेपणाही देतात आणि काही महिने ते वर्षभर टिकतात. यांचा दोष असा की ते जिथे लागतात तिथे डाग पाडतात: टेपच्या कडेखाली शिरतात, फरशीवर पडतात, नखांत आठवडाभर राहतात. थर अगदी पातळ ठेवावा आणि आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून त्याचा काळेपणा शेजारच्या न बिघडलेल्या प्लास्टिकशी जुळतो का ते पाहावे. निळसर झाक असलेला काळा रंग उन्हात लगेच उघडा पडतो.

काळा स्प्रे मारणे हा शेवटचा पर्याय ठेवावा. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजासहजी चिकटत नाही, कारण त्याची पृष्ठ-ऊर्जा फार कमी, सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर असते. म्हणून करड्या रंगाच्या न विणलेल्या घासपॅडने हलके घासून, धुऊन, पुसून, त्यावर पॉलिप्रॉपिलीनसाठीचा अ‍ॅडहीजन प्रमोटर, म्हणजे रंग चिकटवून धरणारा पहिला थर, द्यावाच लागतो, आणि त्यानंतर डब्यावर दिलेल्या वेळेतच लवचीक, अर्धचमक ट्रिम पेंटचे दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात. भाग सुटा करून केलेले काम टिकते. गाडीवरच टेप लावून केलेले काम टेपच्या कडेपासून सोलायला लागते. पुढच्या बंपरमागे रडार असेल तर त्या जागेवर रंगाचे जाड थर देऊ नयेत, विशेषतः धातूची पूड असलेले. एकदा रंग मारला की परतीचा मार्ग बंद होतो. पुढे प्रत्येक दगडाच्या टपलीला राखी ठिपका उमटतो आणि दुरुस्ती म्हणजे पुन्हा रंगच.

घरगुती उपायांचाही उल्लेख करायला हवा, कारण त्यांबद्दल मला सतत विचारले जाते. खाद्यतेल काही दिवसांत चिकट होते आणि धूळ पकडते. व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली प्लास्टिकवर निरुपद्रवी वाटते, परंतु दारांच्या आणि काचांच्या ईपीडीएम रबराला पेट्रोलियम तेले सोसत नाहीत, त्याने रबर फुगते. बुटांचे काळे पॉलिश कपड्यांना लागते. उकळलेले जवस तेल मात्र खरोखर वाळते आणि काही महिने टिकतेही, त्यामुळे त्याचे चाहते आहेत. पण ते कालांतराने पिवळसर आणि चिवट होते, आणि त्याने भिजलेली फडकी गुंडाळून ठेवल्यास ती वाळताना स्वतःहून तापून पेट घेऊ शकतात. कोणी ते वापरणारच असेल तर फडकी पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. याबाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

पाण्यात मिसळणारी, दुधी रंगाची सिलिकॉन ड्रेसिंग ही वाईट गोष्ट नाही. ती काही आठवडेच टिकते, परंतु ज्याला दर महिन्याला गाडी धुण्याची हौस आहे त्याला तेवढे पुरते, आणि कोटिंगचे वय झाल्यावर मधला काळ काढायलाही ती बरी पडते. द्रावक असलेली, हाताला तेलकट लागणारी आणि पाण्याने न निघणारी जात टाळावी.

कोटिंग झाल्यावरची निगा फारशी नाही. सौम्य शांपूने धुवावे, तीव्र अल्कधर्मी फेस लावणाऱ्या स्वयंचलित धुलाईत वारंवार नेऊ नये, आणि रंगाला पॉलिश करण्यापूर्वी प्लास्टिकच्या कडा टेपने झाकाव्यात. शक्य तेव्हा गाडी उलट्या तोंडाने उभी केली तरी दोन्ही बाजूंना ऊन वाटले जाते.

राहिला तो भिंतीला घासलेला कोपरा. तिथला पांढरेपणा उन्हाचा नाही. रबर मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन ताणले किंवा खरवडले गेले की त्यात अतिसूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि तेवढ्या रेषा पांढऱ्या दिसतात. त्या कितीही धुतल्या किंवा काळ्या केल्या तरी उठून दिसतात. आधी धारदार पात्याने उभे राहिलेले तंतू पृष्ठभागाशी समांतर धरून छाटावेत, घासकागद लावू नये, कारण त्याने उरलेला दाणाही जातो. मग हीट गन सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून, वीतभर अंतरावरून आणि हात सतत हलता ठेवून, फक्त त्या रेषांवर काही सेकंद फिरवावी आणि मध्येच थांबून गार होऊ द्यावे; पोकळ्या मिटल्या की पांढरेपणा विरतो, आणि चमक दिसू लागण्याच्या आधी थांबायचे असते. खोल ओरखड्याची खाच राहतेच, पण ती काळी राहते. त्यावर बाकीच्या बंपरबरोबरच कोटिंग द्यावे. माझ्याकडच्या हीट गनचा गाडीच्या बाह्यभागावर होणारा उपयोग आता एवढाच उरला आहे.